वेगळी मूठ

शनिवारी दुपारी मी टोपली पाठीला लावते,
तिचा पट्टा कपाळावर ओढून घेते,
आणि साइत्लांगच्या एकसष्ट घरांतून तांदूळ गोळा करते.

आमच्या मिझो डोंगरांत रीत अशी:
आधण आलं की वैरण्याआधी
एक मूठ वेगळी, चर्चच्या डब्यात.
दोनदा चूल, दोन मुठी.
आठवडाभराचा तांदूळ सोमवारी मापतात.
थोडा विकतात: कुणाच्या मुलाचं ऑपरेशन,
कुणाच्या जळालेल्या घराला पत्रे.
थोडा वाटतात,
ज्यांच्याकडे वैरायलाच काही नाही त्यांना.

चर्च म्हणजे तरी काय,
कड्याच्या टोकाशी एक लांबट खोली,
छपराला चौदा ठिगळं.
घंटा नाही. रिकाम्या गॅस सिलिंडरचं बूड
तारेला टांगलंय, ते हातोडीनं बडवतात.
ढग आत आला की पाळक दिसेनासे होतात,
नुसता आवाज उरतो, आणि खोकला.

मुठी मला पाठ आहेत.
दुकानवाल्या रोपुईची मूठ चिमणीची.
ट्रकवाला थांगकिमा, बायको गेल्यापासून स्वतःच रांधतो,
त्याची मूठ म्हणजे फावडं.
पोटुशी झोसांगी दोनदोन मुठी घालते,
म्हणते, ही दुसरी याची,
याला अजून बोटं फुटतायत.

शेवटचं घर उतारावर, पी साप्तॉनीचं.
तिला दर महिन्याला चर्चच डबा भरून देतं,
मीच नेऊन पोचवते.
एकदा तिची मूठ टोपलीत पडताना पाहिली:
लांब दाणा, आखूड दाणा, लालसर, कणी,
सगळ्या गावाची सरमिसळ.
इतरांच्या घरी एकाच शेताचा तांदूळ असतो.
हा आमचाच होता. आम्ही दिलेला.

मी म्हटलं, पी, तुम्ही नका घालत जाऊ,
तुम्हाला तर आम्हीच देतो.

तिनं डबा माझ्या हातून काढून घेतला.
टोपलीत पडलेलंही वेचून घेतलं, दाणा न् दाणा,
मी उभी असताना.
दार लावलं.

पुढचे दोन शनिवार दार लावलेलंच.
छपरातून धूर निघताना दिसे.
रविवारी ती यायची, मागच्या बाकावर बसायची,
ढोल वाजे, सगळे उभे राहत,
ती ओठ मिटून खिडकीबाहेर बघे.

उपा रोछुंगांनी वही उघडली.
म्हणाले, एकसष्ट घरं आपली.
ही साठ कधी झाली?
मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ,
स्वच्छ होता तरी.

क्षमा हा शब्द आमच्याकडे
रविवारी सगळे एका सुरात म्हणतात.
शनिवारी उतारावर एकटीच्या तोंडातून तो निघेना.
मी नुसती जाऊन उभी राहिले, टोपली पाठीला.

जेवणाची वेळ नव्हती.
तरी तिनं चूल पेटवली.
आधण ठेवलं. ओलं लाकूड, धूर डोळ्यांत,
दोघींच्याही, ते बरंच झालं.
मग तांदूळ घेतला, त्यातली एक मूठ उचलली,
बाहेर आली,
मी वाकले,
आणि तिनं एकेक बोट उघडलं, करंगळीपासून.

मग आतून डबा आणला.
छप्पन्न, ती म्हणाली. त्या दिवशीच्या धरून.
आणि आजची ही.

परतताना पट्टा कपाळात रुतत होता.
या टोपलीतले काही दाणे
या वाटेनं किती वेळा वर-खाली गेले असतील?
मी त्यांना वाहून नेते, की ते मला,
चढावर हे नीटसं कळत नाही.

वहीत मी नेहमी मापात लिहिते.
त्या दिवशी लिहिलं:
साप्तॉनी, सत्तावन्न मुठी.
उपांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
आणि पुढचं नाव वाचलं.